एक सेमिस्टर जर्मनीत: तिकडचे कोणते विषय घेतले तर इकडे धरले जातील?

फतेगंजची_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, बी.ई. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपत आलंय. सातवं सेमिस्टर जर्मनीतल्या एका टेक्निकल युनिव्हर्सिटीत करायला माझी निवड झाली आहे. एक्स्चेंज असल्यामुळे तिकडे शिकवणी फी नाही, इकडची भरत राहायची. इथवर सगळं छान.

आता तिकडून मेल आलाय: विषय निवडा, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (कोणते विषय घेणार याचा करार) भरा, तुमच्या कॉलेजच्या सह्या घ्या आणि पाठवा. लिंक उघडली तर एक्स्चेंजवाल्यांसाठी छोटी यादी आणि त्याच्या मागे अख्ख्या युनिव्हर्सिटीचं जंगल. आमचे सर म्हणतात, सातव्या सेमिस्टरचे पाचही विषय जसेच्या तसे मिळाले पाहिजेत, नाहीतर परत आल्यावर इकडचे पेपर द्यावे लागतील. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, ऑपरेशन्स रिसर्च, कॅड-कॅम, मशीन डिझाइन आणि एक इलेक्टिव्ह. जसेच्या तसे कुठेच दिसत नाहीत. बाबा म्हणतात सोपे घे आणि फिरून ये. माझं जर्मन ए-टू पर्यंत झालंय, पण व्याख्यान समजेल इतकं नाही.

तिकडे जाऊन आलेल्या किंवा तिकडे असलेल्या कुणी सांगेल का, निवड करायची कशी?

दांडियाबाजार_ते_डार्मश्टाट

अगं, अभिनंदन! मी दांडिया बाजारातली, मास्टर्सला इकडे आले आणि इकडचीच झाले. विद्यार्थी असताना आमच्या विभागात बाहेरून येणाऱ्या मुलांना विषय लावून देण्याचं काम करायचे, त्यामुळे लांबण लागणार आहे. चहा घेऊन बस.

एक्स्चेंजवाल्यांची ती छोटी यादी बाजूला ठेव. इंग्रजीत शिकवले जाणारे विषय कुणीतरी एका जागी गोळा केलेत, एवढंच. खरा कागद म्हणजे विभागाचं मोडूलहांडबुख, म्हणजे सगळ्या विषयांची माहितीपुस्तिका. वेबसाइटवर पीडीएफ असते, दोन-तीनशे पानांची, घाबरू नकोस. प्रत्येक विषयाला एक-दोन पानं असतात आणि तुला लागणारं सगळं तिथेच असतं. ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) किती, भाषा कोणती, आधी काय येत असलं पाहिजे, परीक्षा कशी. आणि टुर्नुस नावाचा रकाना आधी बघ: विषय हिवाळी सेमिस्टरला चालतो की उन्हाळी. आमच्याकडे येणारी अर्धी मुलं नाव आवडलं म्हणून उन्हाळी विषय लिहून आणायची आणि ऑक्टोबरमध्ये हात हलवत उभी राहायची.

दुसरं, तू बॅचलरच्या यादीत शोधते आहेस असं वाटतंय. तिथे इंग्रजी फारसं मिळणारच नाही, बॅचलर बहुतेक ठिकाणी जर्मनमधून चालते. पण इकडच्या युनिव्हर्सिटीत बॅचलर सहा सेमिस्टरची, १८० ईसीटीएसची. तू सहा सेमिस्टर संपवून येणार. म्हणजे मास्टर्सच्या पहिल्या वर्षाच्या विषयांना बसू द्या असं तू हक्काने विचारू शकतेस, आणि इंग्रजी विषयांची चंगळ तिथेच आहे. परवानगी आपोआप मिळत नाही. विभागाच्या कोऑर्डिनेटरला तुझ्या मार्कलिस्टा आणि सिलॅबस जोडून मेल टाक. "डिअर सर/मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड" असला निबंध नको. चार ओळी: हे विषय, हे मॉड्यूल नंबर, आधी हे शिकले आहे, चालेल का?

परीक्षेचं नीट ऐक, कारण आपली मुलं इथेच अडकतात. इकडे इंटर्नल नावाचा आधार नसतो. बहुतेक विषयांत शेवटची एक परीक्षा, तीच सगळं ठरवते. व्याख्यानाला गेलीस न गेलीस, कुणी विचारत नाही. आणि विषयाला बसलीस म्हणजे परीक्षेला नाव लागलं असंही नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, ऑनलाइन, तिची मुदत वेगळी, आणि ती सेमिस्टरच्या मधेच कुठेतरी येऊन जाते. मुदत गेली की सगळं सेमिस्टर मन लावून शिकलेला विषय तुझ्या मार्कलिस्टवर शून्य.

आता तारखा. हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मधे नाताळची सुट्टी, आणि लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुझं आठवं सेमिस्टर मात्र बडोद्यात डिसेंबर-जानेवारीतच चालू होणार. हा गुंता विषय निवडतानाच सोडवायचा. आठव्यात तुमच्याकडे मुख्यतः प्रोजेक्ट असेल तर उशिरा रुजू होण्याची लेखी परवानगी आत्ता माग. आणि विषय घेताना तोंडी परीक्षेवाले आधी बघ. वीस-तीस मिनिटं प्राध्यापकासमोर बसायचं असतं, तारीख दोघांनी ठरवायची असते. एक्स्चेंजवाल्याला लवकर परत जायचंय म्हटलं की पुष्कळ जण थोडी अलीकडची तारीख देतात. तीनशे मुलांच्या लेखी पेपरची तारीख तुझ्यासाठी कुणी हलवणार नाही.

(तुझी युनिव्हर्सिटी नसून होखशूले, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारं कॉलेज असती तर हे सोपं गेलं असतं. त्यांचं सेमिस्टर बहुधा महिनाभर आधी सुरू होतं आणि लवकर आटपतं. पण झालेल्या निवडीला आता काय करणार.)

आणि बाबांना सांग, सोपे विषय असं काही नसतं. अपरिचित विषय अवघड, परिचित विषय परक्या पद्धतीने शिकवला तरी अवघडच. फिरायला रविवार आहेत.

किती घ्यावेत? पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं धरतात आणि जर्मनीत एका ईसीटीएसमागे साधारण ३० तासांची मेहनत, म्हणजे ९०० तास. तुला बडोद्यात किती लागतात ते आधी विचार, उगाच तीसच्या मागे लागू नकोस. मात्र मंजुरी घेताना पाच हवे असतील तर आठ विषयांवर घेऊन ठेव. वेळापत्रक नंतर येतं आणि तुझे दोन विषय मंगळवारी सकाळी एकाच वेळी असणार हे मी इथूनच सांगते. तेव्हा बडोद्याहून नव्याने सही मागवत बसण्यापेक्षा राखीव विषय आधीच मंजूर असलेला बरा.

निवृत्त_मास्तर

मुली, डार्मश्टाटच्या बाईंनी तिकडची बाजू चोख सांगितली. मी इकडची सांगतो. अभ्यास मंडळावर बरीच वर्षं काढली आहेत.

"जसेच्या तसे" असं कुठलाच विषय जुळत नसतो. दोन भारतीय विद्यापीठांचा मशीन डिझाइनचा पेपरसुद्धा जुळत नाही. तुझ्या सरांना बहुधा कागदाची भीती आहे, तेव्हा तू त्यांना कागदच दे. एक तक्ता कर. डावीकडे आपला विषय, त्याचा कोड, युनिटवार मुद्दे. उजवीकडे तिकडचं मॉड्यूल, त्याचे मुद्दे, ईसीटीएस. जो मुद्दा तिकडे नाही तो लपवू नकोस, तिथे सरळ "नाही" लिही. ऑपरेशन्स रिसर्च तिकडेही त्याच नावाने सापडेल. रेफ्रिजरेशन "केल्टेटेक्निक" खाली बघ. कॅड-कॅमसाठी व्हर्च्युअल प्रॉडक्ट डेव्हलपमेंटसारखी नावं शोध. मशीन डिझाइन अवघड आहे, कारण त्यांच्याकडे तो बॅचलरच्या सुरुवातीला जर्मनमधून होऊन जातो. तो एक पेपर इकडे द्यावा लागला तर देऊन टाक, त्यापायी बाकीचे अडवू नकोस. आणि इलेक्टिव्हच्या जागी इकडे अजिबात न मिळणारं काहीतरी घे.

क्रेडिटचा हिशेब विचारतील. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट, त्यांच्याकडे वर्षाचे ६० ईसीटीएस. म्हणून दीड ईसीटीएसला आपला एक क्रेडिट हा व्यवहारी हिशेब, सेमिस्टरला ३० च्या बदल्यात २०. आपण वर्गातले तास मोजत आलो, ते विद्यार्थ्याची घरची मेहनतही धरतात. हे सांगितलं नाही तर कुणीतरी व्याख्यानाचे तास मोजून "हे तर निम्मंच आहे" म्हणेल.

गुणांचं जाण्यापूर्वी लिहून घे. तिकडे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. उलटी गंगा. परदेशी गुण स्वतःच्या मापात बसवायला जर्मन विद्यापीठं बव्हेरियन सूत्र वापरतात, तेच उलटं फिरवता येतं. तुमच्याकडे १० पैकी, पास ४ ला, असं धरलं तर तिकडच्या १.७ चे होतात १० वजा (०.७ गुणिले ६ भागिले ३), म्हणजे ८.६. हा हिशेब न ठरवता गेलीस तर परत आल्यावर १.७ बघून क्लार्क तुला नापास समजेल. हसू नकोस, असं होतं.

आणि पत्र फक्त विभागप्रमुखांचं नको. विभागप्रमुख बदलतात. परीक्षा विभागाची पोच असलेलं, लेटरहेडवरचं, विषयांच्या तक्त्यासकट पत्र घे.

राजवाडा_इंदूर

मधेच विचारतो. माझा मुलगा इंदूरहून अमेरिकेत एका सेमिस्टरला जायचं म्हणतो. तिथेही असंच?

दांडियाबाजार_ते_डार्मश्टाट

काका, तिथला माझा अनुभव नाही, मैत्रिणीकडून माहीत आहे तेवढं सांगते. पदवीच्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी पूर्णवेळ म्हणजे सेमिस्टरला निदान १२ क्रेडिट अवर घ्यावेच लागतात, त्यामुळे विषय सोडताना जपून. कोर्सच्या नंबरावरून पातळी कळते, १०० वाले पहिल्या वर्षाचे, ३००-४०० वाले वरचे. वरच्यांना आधीचा अमुक कोर्स झालेला हवा अशी अट असते, तिथे संगणक अडवतो. मग विभागाकडून सूट घ्यावी लागते. मेहनत मात्र सेमिस्टरभर विखुरलेली, दर आठवड्याला काहीतरी द्यायचं. आपल्या मुलांना ते बरं पडतं.

लेस्टरहून_मी

इंग्लंडला जाणाऱ्या कुणी वाचत असेल तर: इकडे वर्षाचे १२० क्रेडिट, दोन म्हणजे एक ईसीटीएस. काही मॉड्यूल वर्षभर चालतात आणि त्यांची परीक्षा मे-जूनमध्ये. नाताळला परत जाणाऱ्याने त्यांच्या वाट्याला जाऊ नये, किंवा डिसेंबरपर्यंत निबंध देऊन भागेल का ते आधी विचारून घ्यावं.

कमाटीबाग_सकाळचा_फेरा

विषयांतर होतंय, पण बडोद्यात बसून परदेशातल्या विषयनिवडीची गोष्ट चालली आहे आणि बाबासाहेबांचं नाव निघू नये? १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी असा करार. तिथे त्यांनी घेतलेले कोर्स बघा: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन एकेक. इक्विव्हॅलन्सचा तक्ता करायला बसले असते तर मानववंशशास्त्र कशात बसवलं असतं?

ताईंनी जर्मनच्या वर्गाबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून हे काढलं. बाबासाहेब पुढे बॉनच्या विद्यापीठातही नाव घालून आले होते.

दांडियाबाजार_ते_डार्मश्टाट

काका, बरी आठवण केलीत. भाषेचा वर्ग घ्यायचाच. युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात सेमिस्टरभराचे वर्ग असतात, त्यांनाही ईसीटीएस मिळतात. पुष्कळ ठिकाणी सेमिस्टरच्या आधी सप्टेंबरात रोजचा झटपट वर्गही असतो. बडोद्यात ते क्रेडिट धरतील न धरतील, तू घे. व्याख्यान इंग्रजीत असलं तरी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, घरमालकीण आणि परीक्षेच्या नोंदणीची वेबसाइट जर्मनच बोलतात.

आणि एक राहिलं. वेळापत्रकात १० पुढे सी.टी. असेल तर वर्ग सव्वादहाला, एस.टी. असेल तर ठोक्याला दहा.

फतेगंजची_मेकॅनिकल

ताई, सर, काका, सगळ्यांचे खूप आभार. मोडूलहांडबुख सापडलं, मास्टर्सच्या भागात खरंच इंग्रजी विषय आहेत. तक्ता करायला घेतलाय. ऑपरेशन्स रिसर्च आणि केल्टेटेक्निक जुळतात, पण केल्टेटेक्निक जर्मनमध्ये आहे. त्याऐवजी इंग्रजीतलं हीट पंपांवरचं एक मॉड्यूल आहे, ६ ईसीटीएस, तोंडी परीक्षा. एअर कंडिशनिंगचं एक युनिट त्यात नाही. इलेक्टिव्हला रेल्वेच्या गाड्यांचं तंत्रज्ञान घ्यावं म्हणतेय, इकडे कुठे मिळत नाही. मशीन डिझाइन परत आल्यावर देईन.

एक शंका. एअर कंडिशनिंगच्या युनिटसाठी सर अडून बसले तर?

निवृत्त_मास्तर

तर त्या एका युनिटवर आल्यानंतर छोटी परीक्षा किंवा सबमिशन घ्या असं तूच सुचव, आणि ते वाक्य पत्रात घालून घे. मागणी तुझ्याकडून आली की मंडळ सहसा नाही म्हणत नाही. पत्राच्या दोन प्रती, दोन्हींवर शिक्का. सुट्ट्या लागायच्या आत कर, मे महिन्यात सही करायला कुणी जागेवर सापडत नाही.