कोर्टात घोषणा देऊन सुटका कोणाची होते?

सनदशीर
काल इथे एका पोस्टमध्ये वाचलं: "आपला माणूस खटल्याशिवाय आत सडतोय. पुढच्या तारखेला सगळ्यांनी कोर्टात जायचं. न्यायाधीश आले की उठायचं नाही, घोषणा द्यायच्या, शांतपणे अटक करवून घ्यायची. तुरुंग कमी पडू देत." खाली लाल बदाम आणि आवळलेल्या मुठींचा पाऊस. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

कोर्टात काय होईल ते सांगतो. घोषणा सुरू झाल्या की पट्टेवाला ओरडेल, बंदोबस्तातले पोलीस तुम्हाला बाहेर काढतील, न्यायाधीश उठून चेंबरमध्ये जातील. रोजनाम्यात एक ओळ पडेल आणि जामिनाचा अर्ज पुढच्या तारखेवर जाईल. ती तारीख आतल्या माणसाच्या आयुष्यातून जाते, तुमच्या नाही. तुमच्यावर लागलंच तर न्याय संहितेचं कलम २६७, जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद, आणि बहुधा संध्याकाळी तुम्ही घरी. तो यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आत आहे. त्याचं कलम ४३ड(५) म्हणजे आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले की जामीन नाही. "याचे समर्थक कोर्टालाही जुमानत नाहीत, साक्षीदारांचं काय होईल?" हे वाक्य सरकारी वकिलाला तुम्ही आयतं लिहून देताय.

आणि तो कोर्टात असेलच कशावरून? 'एस्कॉर्ट उपलब्ध नाही' म्हणून कित्येकदा कैदी आणतच नाहीत. नाहीतर व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजर, स्क्रीनच्या कोपऱ्यात, आवाज म्यूट.

कायदेभंगाची शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायची असते. इथे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं जातंय.

ठिणगी
ती पोस्ट माझीच. आडून बोलायची गरज नव्हती.

यूएपीएखालीच अटकेत असलेल्या फादर स्टॅन स्वामींच्या वेळी सगळं सनदशीरच चाललं होतं. पार्किन्सनमुळे पेला धरता येत नाही म्हणून ८३ वर्षांच्या माणसाने सिपर आणि स्ट्रॉ मागितला, तर उत्तर द्यायला तपास यंत्रणेला २० दिवस. लोक स्वतःहून सिपर पाठवायला लागले तेव्हा देशाला कळलं की असं काही चाललंय. ५ जुलै २०२१ ला ते गेले, जामिनाचं प्रकरण हायकोर्टात प्रलंबितच. तुमच्या मार्गाने तेही बाहेर आले, कसे ते आठवा.

आणि चंपारण? १८ एप्रिल १९१७, मोतिहारी. गांधींनी जिल्हा सोडायचा हुकूम मोडला, कोर्टात कबूल केलं, जामीन द्यायला नकार दिला. शेतकऱ्यांची ही गर्दी. शेवटी सरकारनेच खटला काढून घेतला. सनदशीर मंडळी तेव्हाही होती, त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत एवढंच.

सनदशीर
चंपारणमध्ये आरोपी गांधी स्वतः होते. हुकूम त्यांनीच मोडला, शिक्षा त्यांनाच होणार होती, आणि कोर्टात त्यांनी निवेदन वाचलं, आरडाओरडा केला नाही. तुमच्या बेतात आरोपी एक आणि गांधी व्हायला निघालेले पन्नास.
सिपर लोकांनी पाठवले, न्यायाधीशांच्या टेबलावर आपटले नाहीत. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभार.

जुना कारकून
माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, बोर्ड लावण्यापासून साक्षी उतरवण्यापर्यंत. घोषणा ऐकून साहेब नरमले असं एकदाही पाहिलं नाही. मात्र मागची बाकं भरलेली असली, माणसं गप्प बसून ऐकत असली, की फरक पडतो. एरवी दोन ओळींत अर्ज फेटाळणारे साहेब त्या दिवशी थांबून थांबून, कारणांसकट डिक्टेशन देतात. अपिलाला तीच कारणं उपयोगी पडतात.

अवांतर: गांधींचं इतकं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. १९०८ मध्ये टिळक ज्युरीपुढे २१ तास स्वतः बोलले. 'गुन्हा कबूल' म्हणून हात वर केले नाहीत.

चिडका अहिंसक
हात वर केले?? मार्च १९२२, अहमदाबाद. गांधींनी न्यायाधीश ब्रूमफील्डना सांगितलं, कायदा पटत नसेल तर राजीनामा द्या, पटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा करा. याला हात वर करणं म्हणत असाल तर बोलणंच खुंटलं. आणि ब्रूमफील्डनी सहा वर्षं देताना टिळकांच्याच खटल्याचा दाखला दिला होता. तुम्ही ज्यांची झुंज लावताय त्यांची नावं न्यायाधीशानेच शेजारी बसवली.

जुना कारकून
झुंज मी लावत नाही. टिळक कायद्याच्या मैदानात लढले एवढंच म्हटलं.

तिरसट
लढले आणि हरले. ज्युरी सात विरुद्ध दोन. न्यायाधीश दावर. याच दावरांनी १८९७ मध्ये टिळकांचे बॅरिस्टर म्हणून न्या. तय्यबजींकडून त्यांना जामीन मिळवून दिला होता. १९०८ मध्ये जिनांनी जामीन मागितला तेव्हा त्याच दावरांनी नाकारला. खुर्ची बदलली की कायदा कसा दिसतो ते यात आलं. सनदशीरवाल्यांनी हे कागदावर उतरवून खिशात ठेवावं.

पण ठिणगीताई, तुम्हीही ऐका. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी कोर्टाबाहेर केलं. गोळ्या खाल्ल्या त्याही बाहेर.

चिडका अहिंसक
दावरांचं मान्य. पण 'हात वर' हे शब्द कारकूनसाहेब मागे घेणार का?

जुना कारकून
नाही.

मुक्ता
तुमचं टिळक-गांधी आटपलं असेल तर बोलू का?

माझा भाऊ आत होता. कोणत्या केसमध्ये ते इथे लिहिणार नाही. पेशीला आणायचे तेव्हा हवालदार त्याची बोटं आपल्या बोटांत गुंतवून चालायचा. लांबून मित्र वाटावेत असे. आईने त्याच्यासाठी चष्मा नेला होता. हवालदाराने डबी उघडली, आतलं फडकं झटकलं, काड्या वाकवून पाहिल्या, मग दिला. एवढ्या वेळात तो आईशी दोन वाक्यं बोलला. आम्ही महिनाभर थांबायचो ते त्या दोन वाक्यांसाठी.

एका तारखेला काही उत्साही मंडळींनी आत घोषणा दिल्या. सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही. पुढच्या वेळी दारातच अडवलं, नातेवाईक एकच आत जाईल म्हणून. आईला बसायला मिळावं म्हणून मी बाहेर. घोषणावाले त्या दिवशी कुठेच दिसले नाहीत, त्यांचे फोटो तोवर काढून झाले होते.

सनदशीर, तुम्ही लगेच खूश होऊ नका. नंतर गर्दीच यायची थांबली, तेव्हा कोर्टातला कारकूनसुद्धा आमच्याकडे बघेनासा झाला. ते जास्त वाईट होतं. 'वकील बघतील' म्हणून घरी बसलेल्यांनी आम्हाला काही दिलं नाही.

ठिणगी, त्याला विचारलंत का? वकिलामार्फत, मुलाखतीत, पत्राने, कसंही?

ठिणगी
तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दर वेळी आतल्या माणसाची परवानगी घेत बसलो तर आंदोलन कधीच होणार नाही. लाहोर खटल्यात भगतसिंग आणि साथीदार कोर्टात घोषणा देत, गाणी म्हणत. जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणात गेले. म्हणून तो खटला आज आपल्याला माहीत आहे.

सनदशीर
पुढचंही सांगा की. त्याच गोंधळाचं कारण दाखवून व्हाइसरॉय आयर्विनने मे १९३० मध्ये वटहुकूम काढला, खास न्यायाधिकरण नेमलं, खटला आरोपींच्या गैरहजेरीत चालला, हायकोर्टात अपील नाही. शेवट फाशी. आजही आरोपी सतत व्यत्यय आणत असेल तर त्याच्याशिवाय काम चालवायची सोय कायद्यात आहे. आणि तेही आरोपीच होते, प्रेक्षक नव्हते.

तिरसट
आयर्विनला कारण मिळालं नसतं तर त्याने शोधलं असतं. गोंधळ न करणारे किती आरोपी वर्षानुवर्षं आत आहेत ते बघा, मग शिस्तीचे फायदे सांगा.

सनदशीर
हे खरं आहे. तरी शोधायचा त्रास आपण का वाचवायचा?

ठिणगी
लंडनमध्ये २०२३ मध्ये एक निवृत्त बाई कोर्टाबाहेर फलक घेऊन उभी राहिली: ज्युरीला सद्सद्विवेकाने निर्दोष सोडायचा हक्क आहे. अवमानाची कारवाई करायला निघाले, २०२४ मध्ये हायकोर्टाने परवानगीच नाकारली. एक बाई, एक फलक!

सनदशीर
आपल्याकडे ज्युरी नाही. आणि पुन्हा, कोर्टा*बाहेर*. तुम्ही दिलेली निम्मी उदाहरणं दाराच्या बाहेरची आहेत.

ठिणगी
बरं बाबा. घोषणा बाहेर, फाटकापाशी. वकिलांकडून आत निरोपही पाठवते, मुक्तासाठी, तुमच्यासाठी नाही. पण न्यायाधीश आल्यावर मी उठणार नाही. बसून राहणं हा व्यत्यय आहे असं कोणी सिद्ध करून दाखवा.

मुक्ता
तो नको म्हणाला तर?

ठिणगी
तेव्हा बघू.

जुना कारकून
बसायचं असेल तर आधी बाक मिळू दे. अकराला कोर्ट बसतं, साडेदहाला मागची रांग भरलेली असते, निम्मी कनिष्ठ वकिलांनी. आणि मोबाईल बंद करा, नाहीतर घोषणा न देताच बाहेर पडाल.

चिडका अहिंसक
'हात वर' अजून मागे घेतलेलं नाही. नोंद असावी.