वादळाच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करत होतात?

कौलारू
काल सोसायटीत कुणीतरी गच्चीवर ताडपत्री बांधायला दोरी मागितली नि मला एकदम 2 जून 2020 आठवला. श्रीवर्धनजवळ माझं सासर. दुसऱ्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, सुपारीच्या बागा झोपल्या, त्यावर भरपूर लिहून झालंय. मला आदल्या दिवसाबद्दल बोलायचंय, कारण तो दिवस इतका साधा होता की आता चीड येते. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, निम्मी कामं उरकलेली, लाकडं पडवीत आलेली, लॉकडाऊनमुळे गडी मिळेनात म्हणून ह्यांनी नि दिरांनीच कौलं चाळलेली. दमट हवा, घामाच्या धारा. ग्रामपंचायतीची रिक्षा ओरडत फिरतेय, मोबाईलवर मेसेजवर मेसेज, आणि सासूबाई म्हणतात काय तर "आधी दळण आण."

अहो आई, वादळ येतंय, दळण कसलं! पण नाही. तांदूळ, नाचणी, वर भाजणी भाजायला घेतलेली. गिरणीत ही रांग, सगळ्यांच्या मास्कवर पिठाचा थर, आणि चर्चा एकच, गुजरातकडे वळेल की नाही. पीठ गरम म्हणून डब्याचं झाकण तिरकं ठेवून वर ओढणी बांधून आणलं, हात भाजत होते. ह्यांनी तोवर रहाटाला नवा दोर लावला, तेही सासूबाईंच्याच हुकमाने, पंप असताना.

वीज गेली ती आमच्या आळीत महिनाभर आली नाही. गिरणी बंद, पंप बंद. घराघरात धान्य होतं, पीठ कुणाकडेच नव्हतं. वाट्यावाट्याने नाचणी गेली आमच्याकडून. सासूबाई एकदाही "बघ, सांगत होते" म्हणाल्या नाहीत, त्याचाच जास्त राग येतो :)

तुमचं सांगा. वादळाचं नको, आदल्या दिवसाचं.

भटकी_खार
आम्ही मुंबईत त्याच दिवशी बाल्कनीतल्या कुंड्या हॉलमध्ये आणल्या. सगळ्या. तुळस, कढीपत्ता, नवऱ्याचा तो वाळका बोन्साय. काचांना सेलोटेपच्या फुल्या मारल्या, सोसायटीच्या ग्रुपवर एक काका दर अर्ध्या तासाने नकाशा टाकत होते. ते तुमच्याकडे गेलं नि आमच्याकडे पाऊस नि थोडी झाडं पडली एवढंच. कुंड्या मात्र पुढे कितीतरी दिवस हॉलमध्येच, आणि ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला मागे कढीपत्ता. सेलोटेपचे डाग अजून आहेत, कुणाकडे उपाय असेल तर सांगा

बिनसाखरेचा_चहा
@भटकी_खार खोबरेल तेल लावून ठेव रात्रभर. धाग्याशी संबंध नाही पण राहवलं नाही.

देवगडकर_पण_पुण्यात
तौक्ते. 16 मे 2021 ला आमच्या किनाऱ्यावरून गेलं. आदल्या दिवशी बागेत शेवटचा हापूस झाडावर, गाडी जाईल की नाही पत्ता नाही, बाबा म्हणे राहू दे, कोवळा आहे. आणि आजी खळ्यात उभी राहून, "वारो येतलो तेवा येतलो, तू आदी आंबे उतर." आंबे उतरवायची घळ घेऊन मी, बाबा, शेजारचा मुलगा, अंधार पडेपर्यंत उतरवत होतो, मान आखडली, चिकाचे डाग हातावर आठवडाभर. जे उतरवले ते माजघरात पेंढ्यात आढी घालून ठेवले. जे राहिले त्यांचा दुसऱ्या दिवशी झाडाखाली सडा. पडलेला आंबा आपटलेला असतो, तो पेटीत जात नाही, कॅनिंगला मिळेल त्या भावाने द्यायचा. आजीच्या आढीतलेही निम्मे नीट पिकलेच नाहीत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही

कौलारू
@देवगडकर आज्यांना कळलेलं असतं हो

हर्णैची_पोर
होड्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, घाईत आहे, चुका समजून घ्या. निसर्गच्या आधी बंदरातल्या बऱ्याच होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नेल्या. भावाने सांगितलेलं, खाडीत बांधताना दोर ताणून बांधायचा नाही, भरतीला पाणी चढलं की होडी वर येते नि ताणलेला दोर तुटतो नाहीतर होडीच कलंडते. म्हणून ढील सोडायची. आणि दोन होड्यांच्या मध्ये जुने टायर. मी नि वहिनी टायर गोळा करत गावभर, गॅरेजवाल्याने दारातला झोपाळ्याचा टायर पण काढून दिला, त्याची पोरगी रडली. घरी आलो तर सुकवत टाकलेले बोंबील तसेच वलांडीवर! ते काढण्यात रात्र.

नागपुरी_तडका
आमच्याकडे समुद्रच नाही न भाऊ. पण वळवाचं वादळ गच्चीवर कुरडया वाळत असतानाच कसं येते हे शास्त्रज्ञांनी शोधावं.

बिनसाखरेचा_चहा
कुरडया!! गव्हाचा चीक की तांदळाच्या?

नागपुरी_तडका
गव्हाचाच. तीन दिवस भिजवून. तांदळाच्या करणाऱ्यांशी आम्ही बोलत नाही

भटकी_खार
बोलू नका, आमच्या वाट्याच्या पाठवा

जुना_सभासद
2009 चं फयान विसरले वाटतं सगळे. 11 नोव्हेंबर. नोव्हेंबरात कोण वादळाची तयारी करतं? आमच्याकडे भात कापून शेतात आडवं पडलेलं. आदल्या दिवशी नुसतं मळभ. वडील एरवी चार दिवस सुकू देणारे, त्या दिवशी म्हणाले भारे बांधा. ओलसर भात, जड, पेंढ्याचं कूस अंगाला टोचतंय, मी नुकता नोकरीला लागलेला, रजेवर आराम करायला आलेलो. पडवीत, माळ्यावर, न्हाणीघराच्या दारापर्यंत भारे. शेताचा शेवटचा तुकडा, कुणगा, तसाच राहिला, तो पाण्याखाली गेला नि दाण्याला मोड आले. पण तेव्हा समुद्रावर गेलेल्या कितीतरी होड्या परत आल्या नाहीत, आमच्या भाताचं काय घेऊन बसायचं. मोबाईलवर मेसेज वगैरे काही नव्हतं, रेडिओवर ऐकलं तर ऐकलं.

हर्णैची_पोर
हो. आमच्या वाडीत फयानचं नाव अजून कुणी मोठ्याने काढत नाही.

पाटावरवंटा
कौलारू ताई, निसर्गनंतर 5 जूनला वटपौर्णिमा होती आठवतंय का? आदल्या दिवसाचं म्हणाल तर मी 2 तारखेला पूजेचं सूत, फणसाचे गरे, सगळं जमवून ठेवलेलं, डोक्यात वादळ कमी नि पूजाच जास्त. तिसऱ्या दिवशी बघतो तर आमचा वडच आडवा, मुळं वर. तशाच गेलो, फेरे मारता येईनात, फांद्या ओलांडत कसंबसं सूत गुंडाळलं. माझ्या जाऊबाई म्हणे सात जन्मांचं राहू दे, ह्या जन्मीचे पत्रे आधी शोधून आणा म्हणावं.

कौलारू
@पाटावरवंटा 😂 पत्रे मिळाले का?

पाटावरवंटा
दोन मिळाले, शेजारच्यांच्या बागेत. एक त्यांचाच निघाला.

नवीन_आलेय
वाचतेय सगळं. भाजणीचं प्रमाण देईल का कुणी? वीज नसताना किती दिवस टिकते?

कौलारू
सासूबाईंना विचारून टाकते. टिकायचं म्हणाल तर धान्य खमंग भाजलेलं नि डबा कोरडा हवा, ओला चमचा घातलात की संपलं. पावसाळ्यात थोडी थोडीच दळा.