मार्नर गेला. आता मॅथ्यूजच्या उजव्या हाताला कोण? (२०२५ च्या उन्हाळ्यातली चर्चा)

स्कारबरोकर:
मंडळी, टोरोंटो मेपल लीफ्सचा सराव कॅम्प सप्टेंबरात सुरू होईल. त्याआधी आपल्या फॉरवर्ड्सच्या लाइन्सवर, म्हणजे बर्फावर एकत्र उतरणाऱ्या तीन-तीन आक्रमक खेळाडूंच्या गटांवर, मोकळेपणानं बोलू या. उन्हाळ्यात आइस हॉकीकडे ज्यांचं लक्ष नव्हतं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपला उजव्या बाजूचा फॉरवर्ड मिच मार्नर वेगसच्या संघात गेला, ८ वर्षांसाठी, वर्षाला १.२ कोटी डॉलरवर. त्याच्या बदल्यात निकोला रॉय हा उंचापुरा सेंटर, म्हणजे लाइनमधला मधला खेळाडू, आला. युटाकडून मातियास माचेली आणि व्हँकूव्हरकडून डकोटा जॉशुआ आला. जॉन तवारेसनं १.१ कोटीवरून वर्षाला ४३.९ लाखांवर येऊन ४ वर्षांचा करार केला. मॅथ्यू नाइझला ६ वर्षांसाठी वर्षाला ७७.५ लाख मिळणार.

मला एवढंच म्हणायचंय, की विल्यम नीलँडरला तवारेसपासून तोडू नका. मागच्या हंगामात नीलँडरचे ४५ गोल आणि तवारेसचे ३८. दोघांची घडी नीट बसली आहे. पहिल्या लाइनची भोकं बुजवायला दुसरी लाइन उसवली, तर हातात काय राहील? आपला कप्तान ऑस्टन मॅथ्यूज आणि नाइझच्या जोडीला माचेलीला घाला आणि पहिले २० सामने हलवू नका. दर दोन सामन्यांनी लाइन बदलली, तर कुणाचा कुणाशी सूर जुळत नाही. माचेली मुळात पास देणारा आहे, ॲरिझोनात त्यानं एका हंगामात ५७ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले होते, त्यातले ४० असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास. मॅथ्यूजला पासच हवा असतो.

एटोबिकोची निळाई:
दादा, नाही पटलं. ५७ गुण २०२३-२४ चे. मागच्या हंगामात युटाकडून ५५ सामन्यांत फक्त १८ गुण आहेत, ते तुम्ही सांगितलंच नाही. पोरगा २४ वर्षांचा आहे, सावरेलही. पण १०२ गुण करणाऱ्या मार्नरच्या जागी त्याला उभं करणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

मुद्दा पासचा नाहीच. नाइझ कोपऱ्यात घुसून पक (खेळायची चकती) उकरून काढतो, गोलकीपरसमोर ठाण मांडून उभा राहतो. मॅथ्यूज शॉट मारतो. पण निळ्या रेषेवरून, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीच्या रेषेवरून, पक आत आणायचा कुणी? ते काम मार्नर करायचा. दोन बचावपटू अंगावर येईपर्यंत थांबायचा आणि मग पक सोडायचा. आज आपल्या संघात हे काम फक्त नीलँडरला येतं. उरलेल्यांनी पक भिंतीवर आपटून मागे धावायचं, मग मॅथ्यूजची दमछाक होणार. त्याचे एका हंगामात ६९ वरून ३३ गोल झाले. दुखापत होती, मान्य. म्हणूनच त्याला आणखी पळवू नका.

स्कारबरोकर:
ताई, पक आत आणण्याचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण मग तवारेसच्या बाजूला कोण? तो ३४ चा आहे, पाय पूर्वीइतके चालत नाहीत, पळणारा माणूस त्यालाच जास्त लागतो. आणि २०२४ च्या वसंतात मार्नर जायबंदी असताना मॅक्स डोमी मॅथ्यूजबरोबर खेळला होता, आठवतंय? दुसऱ्या बाजूला तेव्हा आपल्याकडे असलेला बर्तूझी होता. ती लाइन चांगली चालली होती. माचेली जमला नाही, तर डोमीला आणा. नीलँडरला हात लावू नका.

तिसरी लाइन:
तुम्ही दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडताय, असं माझं प्रामाणिक मत आहे. यंदाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, फ्लोरिडाविरुद्ध आपण सात सामन्यांच्या मालिकेत २-० ने पुढे होतो. हरलो कुणामुळे? त्यांच्या तिसऱ्या लाइनमुळे, म्हणजे मार्शांड, लुंडेल आणि लुओस्तारिनेन. तिसऱ्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल मार्शांडचा. सातव्या सामन्यात दुसऱ्या सत्रात त्यांचे तीन गोल. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला डोमीनं एक परत केला, घरात सगळे उठून उभे राहिलो, आणि मिनिटभरही झालं नाही तोच लुओस्तारिनेननं चौथा मारला. मी तेव्हा खाली बसलो तो शेवटपर्यंत उठलो नाही. ६-१.

त्या मालिकेत आपली तिसरी लाइन कोणती होती? पटकन नावं सांगता येणार नाहीत, कारण ती रोज बदलत होती. म्हणून मला जॉशुआ–रॉय ही जोडी उन्हाळ्यातली सगळ्यात मोलाची खरेदी वाटते. दोघंही सव्वासहा फुटांच्या आसपास, रॉय उजव्या हाताचा सेंटर, फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होतो तेव्हा, उपयोगी. जॉशुआनं व्हँकूव्हरला एका हंगामात १८ गोल केले, मग कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तरीही तो परत खेळायला उतरला. कोच बरूबेला असेच गडी लागतात. त्यांच्याबरोबर बॉबी मॅकमनला ठेवा आणि लॉटनला चौथ्या लाइनचा सेंटर करा. मग वर माचेली की डोमी, हा प्रश्न ऑक्टोबरात सुटला तरी चालेल.

एटोबिकोची निळाई:
तिसरी लाइन भक्कम हवी, यावर दुमत नाही. पण पेनल्टी किलचं, म्हणजे आपला गडी शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या बचावाचं काय? एक गडी कमी असताना मार्नर समोरच्याच्या स्टिकखालून पक काढून घ्यायचा. रॉय आणि लॉटन जागा अडवतील, पण पक हिसकावणार नाहीत. आणि सातव्या सामन्यात एक गोल करून स्टॅनली कप मिळत नाही. १९६७ नंतर मिळालेला नाही, तो याच कारणानं. मोठ्या सामन्यात वरची लाइन गप्प बसते.

स्कारबरोकर:
मग वरच्या लाइनमध्ये मार्नरही होताच की. तो असूनही गप्पच बसली ना?

एटोबिकोची निळाई:
हो. हे मात्र खरं.

मिसिसागाची आई:
मी इतके दिवस नुसती वाचत होते. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, शनिवारी सकाळी ६ वाजता रिंकवर असतो. चेंजिंग रूममध्ये गुडघ्यावर बसून त्याच्या स्केट्सच्या नाड्या मी ओढून बांधते, बोटं लाल होतात, तेव्हा बाकीच्या आयांबरोबर याच गप्पा चालतात. तुम्ही सगळे मार्नरचे गुण मोजताय. माझ्या मुलाच्या जर्सीवर मार्नरचा १६ नंबर आहे. मार्नर इथलाच, मार्कममध्ये जन्मलेला, आमच्या मुलांना तो शेजारच्या गल्लीतला दादा वाटायचा. फ्लोरिडाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात लोकांनी रागानं बर्फावर जर्सी फेकली ते माझ्या मुलानं टीव्हीवर पाहिलं आणि मला विचारलं, त्यांना थंडी नाही वाजत का?

लाइनबद्दल विचाराल तर मी निळाई ताईंच्या बाजूची. नीलँडर वर जावा. पण पहिल्याच महिन्यात माचेलीला शिव्या घालू नका एवढं सांगते. मार्नरला आपण तसंच वागवलं.

तिसरी लाइन:
ताई, पटलं. ८ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर माँट्रियल आहे. मी त्या रात्री फक्त एकच मोजणार, निळ्या रेषेवरून पक हातात ठेवून किती वेळा आत गेलो. कुणी नेला तेही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी इथेच टाकतो, मग भांडू.

स्कारबरोकर:
चालेल. वीस सामने मात्र मला द्या. आणि २३ जानेवारीला वेगस इथे येतंय, मार्नर बर्फावर उतरेल तेव्हा मी तरी टाळ्या वाजवणार आहे.

मिसिसागाची आई:
आमच्याकडे १६ नंबर त्या रात्री अंगात असेल.