पायथनची स्क्रिप्ट हास्केलमध्ये आणताना बेरजेच्या लूपचे काय करावे?

प्रश्न :
माझी पायथनमधील सुमारे २०० ओळींची एक स्क्रिप्ट पर्जन्यमापकांच्या नोंदींची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) वाचते, डिक्शनरीत (नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांच्या साठ्यात) तालुकावार मिलिमीटरची बेरीज करत जाते आणि शेवटी दैनिक सरासरी छापते. रकाना रिकामा असल्यास शून्य धरते. हास्केल ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकता शिकता मी ती ओळीला ओळ लावून उतरवली आणि डिक्शनरीच्या जागी आयओरेफमध्ये (बदलता येणाऱ्या चलात) मॅप, म्हणजे हास्केलमधील तसाच साठा, ठेवला. उत्तरे जुळतात, पण मोठी फाइल दिली की मेमरी वाढतच जाते. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर १ :
ओळीला ओळ लावल्यामुळे तुम्ही हास्केलमध्ये पायथनच लिहिले आहे. लूप काय करतो यापेक्षा तो संपल्यावर हाती काय उरते, हे आधी पाहावे. इथे तालुका आणि बेरीज यांचा एक मॅप उरतो; म्हणजे हा फोल्ड (यादीतील एकेक घटक घेत एक निकाल बनवत जाणे) आहे. प्रत्येक ओळीपासून तालुका आणि पाऊस अशी जोडी करून ती यादी ‘फ्रॉमलिस्टविथ’ला (एकाच तालुक्याची मूल्ये एकत्र करून मॅप बनवणाऱ्या फंक्शनला) दिली की आयओरेफची गरजच उरत नाही. मेमरी वाढते ती आळशी मूल्यमापनामुळे, म्हणजे मूल्य लागेपर्यंत हिशेब पुढे ढकलण्यामुळे : साधे ‘मॉडिफायआयओरेफ’ बेरीज करून टाकत नाही, ‘नंतर करायची बेरीज’ साठवत राहते. म्हणून डेटा.मॅप.स्ट्रिक्ट, म्हणजे मूल्याचा हिशेब लगेच करणारा मॅप, वापरावा.

उत्तर २ :
वरील सल्ला योग्यच आहे, पण सरासरीसाठी बेरीज आणि दिवसांची संख्या अशी जोडी मॅपमध्ये ठेवलीत, तर स्ट्रिक्ट मॅपही पुरणार नाही. तो जोडीचे बाहेरचे कवच तेवढे उघडतो, आतल्या दोन बेरजा तशाच साचत राहतात. मी स्वतः यात दोन दिवस घालवले आहेत. दोन्ही फील्ड स्ट्रिक्ट (हिशेब लगेच होणारी) असलेला छोटा डेटा टाइप करा, म्हणजे ही अडचण सुटेल.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो रिकामा रकाना. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रकाना वाचणाऱ्या फंक्शनचा टाइप ‘मेबी डबल’ (एक दशांश संख्या किंवा काहीच नाही) ठेवा, म्हणजे ‘नथिंग’ (काहीच नाही) आल्यावर काय करायचे हे तुम्हाला स्पष्ट लिहावेच लागेल. बेरजेत फरक पडणार नाही, पण सरासरीचा भाजक बदलेल.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. स्ट्रिक्ट फील्ड केल्यावर मेमरी स्थिर राहिली. जुने आणि नवे आउटपुट ताडून पाहताना आधी सगळेच वेगळे दिसले, कारण पायथनची डिक्शनरी नोंदीचा क्रम राखते आणि हास्केलचा मॅप कीनुसार (इथे तालुक्याच्या नावानुसार) लावलेला असतो. दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावल्यावर सर्व बेरजा जुळल्या. मात्र ज्या तालुक्यांत रिकामे रकाने होते, त्यांची सरासरी नव्या प्रोग्रॅममध्ये जास्त आली आणि तीच बरोबर आहे. जुनी स्क्रिप्ट इतके दिवस न मोजलेले दिवस कोरडे धरत होती, म्हणून आता ती पायथनमध्येही दुरुस्त करत आहे.