दार-एस-सलाम: सासूबाई कंटाळल्यात, मसाकी सोडून उपांगात जावं का?

नाशिकची_मीनल
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या ट्रान्सफरमुळे जानेवारीत आम्ही टांझानियात दारला आलो, आम्ही दोघं, मुलगी चौथीत, मुलगा सिनियर केजीत आणि सासूबाई. समुद्राकाठच्या मसाकी भागात फ्लॅट आहे, बाल्कनीतून समुद्र दिसतो, सगळं छान, पण खाली उतरलं की चालत जाण्यासारखं काहीच नाही, कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढा. मुलं रमली. मुलगी तर ड्रायव्हरकाकांशी स्वाहिलीत गप्पा मारते आणि आम्हाला कळू नये म्हणून भावाशी पण तेच बोलते. प्रॉब्लेम आम्हा दोघींचा आहे. आई दिवसभर एसीत बसून सिरियल बघतात, परवा म्हणाल्या अगं नाशकात निदान भांडायला भाजीवाला तरी होता. आता पाऊस सुरू झालाय तर कपाटातल्या चपला, पर्स सगळ्यावर बुरशी. भाडं सहा महिन्यांचं एकदम भरलंय, ते जूनमध्ये संपतं, म्हणून हे म्हणतात शहराच्या मध्याजवळ उपांगा भागात बघूया. तिकडं खूप गर्दी आहे असं ऐकलं. आणि मलेरियाचं काय करता तुम्ही लोक? पोराचं अंग जरा कोमट लागलं की माझी झोप उडते.

उपांगावाला
वहिनी, डोळे झाकून या. उपांगा-किसुटू म्हणजे गुजराती वस्ती, देवळं चालत, किसुटू मार्केट चालत. आईंना तिथं मेथी, कढीपत्ता, दुधी, शेवग्याच्या शेंगा सगळं मिळेल आणि भाजीवाल्यांना हिंदी आकडे बऱ्यापैकी येतात त्यामुळे भांडणाची पण सोय. तूर तर इथलीच, टांझानियातून भारतात जाते, इथले लोक ती नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मंडाझी म्हणजे तळलेल्या गोडसर पावाबरोबर खातात, एकदा आईंना खायला घाला, आमटीचीच चुलतबहीण आहे. आमच्या आईला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला माहितीये, कावळ्यांचा. हे कावळे मूळचे भारतातलेच, १८९० च्या दशकात झांझिबारला कचरा साफ करायला म्हणून आणले आणि आता सगळ्या किनाऱ्यावर उच्छाद मांडलाय. इथल्या लोकांना ते नकोसे झालेत पण पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं की मिनिटभर थांबावं लागत नाही.

मिकोचेनी_९
घाई करू नका हो. आधी मुलांची शाळा कुठंय ते सांगा. शाळा मसाकीकडं असेल तर उपांगातून रोज जा-ये करावी लागेल. २०२२ ला त्या वाटेवर समुद्रावरून जाणारा टांझानाइट पूल झाल्यापासून बरंच सुसह्य झालंय तरी मुसळधार पाऊस पडला की सगळं शहर जागच्या जागी उभं राहतं. दुसरं म्हणजे उपांगात जुन्या बिल्डिंगी खूप, लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर सासूबाई अडकल्या. घर बघताना जनरेटर लिफ्टला आहे का फक्त जिन्यातल्या दिव्यांना, हे विचारा. नळ उघडून पाणी चाखून बघा, बोअरचं असलं तर खारट लागतं, त्यात डाळ शिजत नाही. विजेचा लुकू म्हणजे प्रीपेड मीटर स्वतंत्र आहे का तेही बघा, नाहीतर वीस आकडी टोकन दुसरा कुणीतरी भरणार आणि युनिटवरून रोज वाद.

बाकी तुम्ही आलात तेच सगळ्यात वाईट वेळेला. डिसेंबर ते मार्च उकाडा आणि लगेच मे पर्यंत मसिका, म्हणजे मोठा पाऊस. जून ते ऑगस्ट हवा कोरडी, संध्याकाळी मस्त वारा सुटतो, तेव्हा आईंचं मत बदलेल बघा. कपाटात साधा बल्ब लावून ठेवा, कोकणातले लोक करतात तसं.

आरती_दार
मलेरियाबद्दल. घाबरू नका पण ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन उद्या बघू असं अजिबात करायचं नाही, त्याच दिवशी टेस्ट. बोट टोचून पंधरा-वीस मिनिटांत कळतं. निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही तर परत करा. स्वतःच्या मनानं गोळ्या घेऊ नका, मलेरियाच असेल असं नाही, इथं डेंग्यूची साथ पण येऊन गेलीय, २०१४ आणि २०१९ ला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो त्यामुळे मच्छरदाणीबरोबर मुलांना शाळेत जाताना पण क्रीम लावा. आणि हे फार महत्त्वाचं: सुट्टीत नाशिकला गेल्यावर कुणाला ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही आफ्रिकेतून आलोय. इकडचा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया वेगानं वाढतो, उगाच व्हायरल समजून दोन दिवस जायला नकोत.

बाहेर वाळत घातलेले कपडे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करून घाला, लहान मुलांचे आणि आतले तर नक्कीच. एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरून गळू होतं. पावसाळ्यात आम्ही घरातच वाळवतो.

नाशिकची_मीनल
बाप रे, माशीचं माहितीच नव्हतं, आजपासून इस्त्री. शाळा मसाकीलाच आहे. मग आत्ताच घर न बदलता आठवड्यातून दोनदा आईंना किसुटूला सोडलं तर? ड्रायव्हर मोकळाच असतो दुपारी.

उपांगावाला
दुपारी नको, सकाळी या, दुपारी भाजी मरगळते. शनिवारी आलात तर आमच्या आईची ओळख करून देतो, तिला पण पत्ते खेळायला चौथा भिडू हवाच आहे. आणि ड्रायव्हरला वेळ सांगताना नीट सांगा, ते तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या घड्याळात आपले सकाळचे आठ म्हणजे दोन. आमचा प्लंबर चारला येतो म्हणाला होता तो सकाळी दहाला दारात हजर, आम्ही सगळे बाहेर.

मिकोचेनी_९
हे बेस्ट. जूनचं भाडं भरायच्या आधी दोन-तीन घरं मात्र बघून ठेवा, आणि शक्यतो पाऊस पडत असतानाच बघा, रस्त्यात पाणी कुठं तुंबतं ते एजंट सांगत नाही.