विंगेगार्ड संपला म्हणे!

घाटवेडा
परवा एका महाशयांनी लिहिलं की डेन्मार्कचा सायकलपटू विंगेगार्ड आता स्लोव्हेनियाच्या पोगाचारच्या मागे दुसरा येण्यापुरता उरलाय आणि 2022, 2023 च्या दोन टूर (टूर द फ्रान्स, तीन आठवड्यांची सायकल शर्यत) त्याला नशिबाने मिळाल्या. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. 2023 च्या टूरमधली काँब्लूची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) बघितली होती का? जेमतेम 22 किलोमीटरमध्ये पोगाचारवर 1 मिनिट 38 सेकंद काढले. दुसऱ्या दिवशी कोल द ला लोज घाटाच्या टप्प्यात आणखी पावणेसहा मिनिटं. हे नशीब? एप्रिल 2024 ला बास्क शर्यतीत पडला, फुफ्फुस, बरगड्या, कॉलरबोन, सगळं गेलं. तीन महिन्यांच्या आत टूरला उभा, आणि ल लिओराँच्या टप्प्यात पोगाचारला चक्क स्प्रिंटमध्ये हरवलं. 2025 ला व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, जिंकली. हा संपलेला माणूस?

पिवळीजर्सी
2023 किती दिवस चघळणार राव? त्या एप्रिलमध्ये लिएजच्या एकदिवसीय शर्यतीत पोगाचारचं मनगट मोडलं होतं, ते सोयीने विसरलात. तुमच्याचं कॉलरबोन खरं आणि आमच्याचं मनगट खोटं? 2025 च्या टूरमधल्या ओताकाम घाटाचं बोला. पोगाचार आदल्या दिवशी तुलूजला पडला होता, तरी 2 मिनिटं 10 सेकंदांनी पुढे. शेवटी विंगेगार्डशी एकूण फरक 4 मिनिटं 24 सेकंद. 2025 अखेर पोगाचारच्या नावावर चार टूर, एक जिरो (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत), दोनदा विश्वविजेता, लोंबार्दिया ही एकदिवसीय शर्यत सलग पाच वेळा. वर पावणेदोन वर्षांनी लहान. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

कोबलवेडा
तीन आठवड्यांच्या हिशेबातून जरा बाहेर या. दगडी रस्त्यांची एकदिवसीय पॅरिस-रुबे सलग तीनदा कोणी मारली? व्हान डर पूलने. 2025 ला पोगाचार तिथे वळणावर घसरला आणि खेळ खल्लास. पहिल्याच खेपेला दुसरा आला, मान्य, टाळ्या. पण विंगेगार्डला त्या दगडांवर सोडा आणि मग बोला. नुसते घाट चढून सायकलपटू होत नाही कोणी.

खारीबटर
2022 च्या टूरमधला ग्रॅनो घाट काय आणि 2023 चं लोज काय, पोगाचार दोन्हीकडे पोटामुळे हरला असं माझं ठाम मत आहे. लोजनंतर तो स्वतःच म्हणाला की खाल्लेलं पायांपर्यंत पोचलंच नाही. आता टॉपची मंडळी तासाला 120 ग्रॅमपर्यंत कार्ब्स ढकलतात. तुमची ती ताकद-बिकद नंतर.

घाटवेडा
120? ताम्हिणीत मी 80 वर गेलो आणि मुळशीच्या पुढे झुडपं शोधत फिरलो. मागची पोरं थांबून विचारत होती, काका, पंक्चर का?

खारीबटर
नुसतं ग्लुकोज प्यायला असाल. आतडं ते तासाला साधारण 60 ग्रॅमच उचलतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं, म्हणून दोन्ही मिसळून 90 च्या वर जाता येतं. तेही पोटाला महिनोन्‌महिने सवय लावून.

पिवळीजर्सी
मग गुळाची चिक्की का नको? गुळात दोन्ही आलं की.

खारीबटर
आणि दाण्यातलं तेल? चढावर पोटात ठाण मांडून बसतं ते.

कोबलवेडा
आमचे सर बोरघाट केळी आणि राजगिरा लाडवावर चढायचे. कसले ग्रॅम आणि कसलं काय.

घाटवेडा
राजगिरा लाडू चढावर खाऊन बघा. धाप लागली की नाकातून बाहेर येतो.

कोबलवेडा
महागडी एनर्जी जेल चोखणाऱ्यांनी सरांच्या लाडवाला नावं ठेवू नयेत. सिंहगड चढताना मागे गाडी ठेवणारे तुम्हीच ना?

घाटवेडा
गाडी बायकोची होती आणि तिला गडावर पिठलं-भाकरी खायची होती. वैयक्तिक व्हायचं कारण नाही.

डेन्मार्ककर
लाडू संपले असतील तर बोलतो. 2022 ला टूर कोपनहेगनहून सुटली तेव्हा मी पावसात कुडकुडत उभा होतो. हान्स्टहोमच्या मासळीच्या कारखान्यात काम केलेला हा विंगेगार्ड त्याच महिन्यात टूर जिंकून परत आला. इथे त्याला कोणी संपला म्हणत नाही. पण टूरमध्ये पोगाचार धडधाकट असेल तर विंगेगार्ड जिंकेल असंही आता फारसं कोणी म्हणत नाही. 2025 अखेर तिन्ही मोठ्या शर्यतींपैकी त्याची जिरो तेवढी राहिली होती, ती आधी मारावी. आणि दोघांच्या भांडणात बेल्जियमच्या एवेनपूलला विसरू नका. 2025 ला किगालीच्या जागतिक स्पर्धेतल्या टाइम ट्रायलमध्ये आपल्या अडीच मिनिटं आधी सुटलेल्या पोगाचारला त्याने गाठून मागे टाकलं.

पिवळीजर्सी
म्हणजे पोगाचार नसेल तिथे जिंकावं. मी वेगळं काय म्हणत होतो? आभार.

घाटवेडा
त्या न्यायाने पोगाचार सोडून सगळं पेलोटॉनच (सायकलपटूंचा जथा) संपलंय. टूर तुमची, घ्या, फ्रेम करून लावा. व्हुएल्टात मात्र तुमच्या पोगाचारच्याच संघाचा आल्मेइदा 1 मिनिट 16 सेकंदांनी मागे राहिला, तेही त्याच भिंतीवर लावा.

खारीबटर
चिक्कीवाल्यांसाठी: दाणे वगळा, गूळ कोमट पाण्यात विरघळवा, चिमूटभर मीठ घाला, गाळून घ्या. घरी आल्याबरोबर बाटली धुवा, नाहीतर मुंग्या.