उबुंटू 25.10 केल्यापासून ऑफिसच्या लॉगिनला सुडो नाकारतंय, मदत हवी आहे

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका जॉबवर्क कारखान्याचे कॉम्प्युटर मी बघतो. ड्रॉइंग आणि बिलं ठेवायला एक जुना डबा आहे, मॉनिटर नसलेला, त्यावर उबुंटू (लिनक्स). 25.04 चा सपोर्ट जानेवारीत संपला म्हणून 25.10 वर नेला. फाइल शेअरिंग ठीक आहे, माझ्या लॉगिनला सुडोही (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) चालतंय.

घोडं अडलंय ऑफिसच्या लॉगिनवर. संध्याकाळी अकाउंट्सच्या मॅडम बॅकअपची डिस्क लावतात आणि आपल्या पीसीवरून एका आयकॉनवर क्लिक करतात. पडद्यामागे एसएसएचने (दुरून लॉगिन) डिस्क माउंट होऊन, म्हणजे फोल्डरला जोडली जाऊन, आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) चालतं. त्यासाठी सुडोअर्समध्ये (कोण सुडोने काय चालवू शकतो ते ठरवणारी फाइल) बिनपासवर्डची एक ओळ होती: माउंट, पुढे डेव्हमधलं (डिस्कची नावं असतात तो फोल्डर) 'एसडी' आणि त्याला चिकटून तारा (*, म्हणजे पुढे काहीही चालेल), मग बॅकअपचं फोल्डर. तारा अशासाठी की डिस्क दोन आहेत, एक आळीपाळीने शेठ घरी नेतात, आणि ती कधी एसडीबी1 होते तर कधी एसडीसी1. आता पासवर्ड मागतो, आणि दिला तरी परवानगी नाही म्हणतो. माझ्या लॉगिनवर सुडो चालवलं की आधी त्याच ओळीबद्दल कुरकुर: आर्ग्युमेंटमध्ये (कमांडच्या पुढच्या भागात) वाइल्डकार्ड, म्हणजे तो तारा, चालत नाही.

25.10 पासून नेहमीच्या सुडोच्या जागी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं सुडो-आरएस येतं, एवढं कळलं. जुनं 'सुडो डॉट डब्ल्यूएस' नावाने मशीनवर आहेच, अपडेट-अल्टरनेटिव्हज ही कमांड वापरून परत लावता येतं. लावू का? पुढच्या अपग्रेडला पुन्हा हेच रडगाणं नको. एकाने सुचवलं, ऑफिसचं लॉगिन सरळ सुडो ग्रुपमध्ये टाक. ते मी करणार नाही. त्या पीसीवर दिवसभर कुठकुठल्या पार्ट्यांच्या ईमेल उघडतात.

प्रतिसाद:
ग्रुपमध्ये नकोच. आजचा बॅकअप चुकू नये म्हणून जुनं सुडो लावा हवं तर, पण ती ओळ मुळातच ढिली होती. जुन्या सुडोत आर्ग्युमेंटमधला तारा स्पेस आणि स्लॅशसुद्धा गिळतो, त्यामुळे मधे माउंटचे वाट्टेल ते ऑप्शन घुसवता येतात.

आणि या कामाला सुडो लागतं कुठे? दोन्ही डिस्कना एकच लेबल द्या. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्याची फाइल) त्या लेबलने ओळ घाला, ऑप्शन 'नोऑटो' आणि 'यूजर'. मग साधं लॉगिनही नुसतं फोल्डरचं नाव देऊन माउंट करू शकतं. स्क्रिप्टमधून सुडो काढा, जुनी ओळ व्हिजुडोने (सुडोअर्स बदलायची कमांड) उडवा.

धागाकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं. डिस्क एक्सफॅट फॉरमॅटच्या आहेत, लिहिताना परवानगीची अडचण?

प्रतिसाद:
येऊ शकते, म्हणून एफएसटॅबच्या त्याच ओळीत 'यूआयडी' ऑप्शनने ऑफिसच्या लॉगिनचा नंबर द्या, मग त्याच्याच नावावर सगळ्या फाइली दिसतात. आणि आरसिंकला मालक आणि ग्रुप जपायला सांगू नका, एक्सफॅटला ते जमत नाही, एरर येत राहतील. आणि मॅडमना सांगून ठेवा, दोन्ही डिस्क एका वेळी लावायच्या नाहीत. लेबल सारखं असल्यावर कुठली उघडेल याचा भरवसा नाही.